कालवा अडतो तो कागदावर



रब्बीच्या बैठकांसाठी सात-आठ गावे फिरून झाली. हरभऱ्याची बीजप्रक्रिया, कांद्यावरचा करपा, मक्यावरची लष्करी अळी असे सगळे सांगावे, लोकांनी माना डोलवाव्यात आणि बैठक उठता उठता मागून कोणीतरी विचारावे, "साहेब, ते समदं खरं, पण आमची चारी कवा व्हणार?" गाव बदलते, प्रश्न बदलत नाही.

मी कृषी खात्याचा माणूस. माझी पदविका शेतीची, आणि चारी पाटबंधाऱ्यांची. 'हे आमच्याकडे येत नाही' असे म्हणून मोटारसायकलला किक मारणे सोपे आहे. पण मला ते जमत नाही, आणि त्याला कारण आहे. सन २०१६ मध्ये निळवंडे लाभक्षेत्रातल्या एका जिरायत गावात एका शेतकऱ्याला मी दोन एकर भगवा डाळिंब लावायला सांगितले. विहिरीला जेमतेम पाणी होते. पण कालवा दोन वर्षांत येणार असे जो तो सांगत होता, कार्यालयांत तारखाही मिळत होत्या, आणि मी त्या तारखांवर विश्वास ठेवला. दोन वर्षांनी, २०१८ ला पाऊस दगा देऊन गेला. त्या वर्षी राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या गड्याने टँकरने बाग जगवली, पाहुण्यांकडून उसनवारी केली, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात फळावर आलेली झाडे तोडून बांधाला टाकली. मला तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्या बागेच्या जागेपासून कालवा हाकेच्या अंतरावर आहे. त्यातून पाणी वाहिले ते २०२३ साली.

निळवंड्याची गोष्ट आपल्या जिल्ह्याला तोंडपाठ आहे, तरी थोडक्यात उजळणी करतो. प्रवरेवरच्या या प्रकल्पाची कल्पना १९७० ची. मुळात धरण म्हाळादेवीला व्हायचे होते, तिथून ते निळवंड्याला सरकले. तेव्हाचा अंदाजी खर्च ७ कोटी ९६ लाख. साठा ८.३२ टीएमसी. लाभ अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव आणि पलीकडच्या जिल्ह्यातला सिन्नर अशा सात तालुक्यांतल्या १८२ गावांना. धरण बांधून झाले, पाणी अडले, पण कालवेच नव्हते. म्हणजे घरात धान्याची कणगी भरलेली आणि जातेच नाही. डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले मे २०२३ मध्ये आणि प्रधानमंत्र्यांच्या हस्ते जलपूजन झाले २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. तोवर खर्चाचा आकडा ५,१७७ कोटींवर गेला होता. त्रेपन्न वर्षे! ज्यांनी पहिली मोजणी पाहिली त्यांचे नातू आज ग्रामपंचायतीत बसतात.

आता याच जिल्ह्यात दुसरे चित्र पाहा. कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्याची घोषणा २०१५ ची. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर रस्ता ५ जून २०२५ ला. ठरलेल्या मुदती इथेही चुकल्या, हे खरेच. तरी हिशेब करा. त्याच तालुक्यात, त्याच काळ्या मातीत, त्याच महसूल यंत्रणेच्या हाताखाली रस्त्याला सात वर्षे लागली आणि पाण्याला त्रेपन्न. म्हणजे सरकारी काम मुळातच सावकाश होते, लोकच अडवणूक करतात, आपल्या मातीतच खोट आहे, ही जी पारावरची पालुपदे आहेत ती सगळी बाद होतात. तेच लोक, तेच तलाठी, तेच प्रांत. फरक पडला तो वरून कोणी किती लक्ष घातले, पैसा कसा बांधून ठेवला आणि ज्याची जमीन जाते त्याच्याशी आधी बोलले की नंतर, यात.

समृद्धीत जमिनीचा प्रश्न सोपा नव्हता. दहा जिल्हे, ३९२ गावे. सिन्नर, शहापूर भागात बागायतदारांनी कडकडीत विरोध केला, आणि तो रास्त होता. द्राक्षाची, भाजीपाल्याची जमीन एकदा डांबराखाली गेली की परत येत नाही. आधी जमिनी एकत्र करून बदल्यात विकसित भूखंड द्यायची योजना पुढे केली होती, ती लोकांना पटली नाही. मग सरकार थेट खरेदीवर आले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात जो चौपट मोबदला बसतो, त्यावर संमतीने देणाऱ्याला आणखी पंचवीस टक्के, म्हणजे एकूण पाचपट. गावोगाव बोलणी करायला संवादक नेमले. खरेदीखत झाले की रक्कम खात्यावर. सगळे गोड झाले असे मी म्हणत नाही. पैसा आला आणि वर्षात उडाला अशी घरेही आहेत. पण निवाड्याच्या कागदासाठी पंधरा वर्षे प्रांताच्या जिन्यावर बसायची पाळी फार जणांवर आली नाही.

कोणी म्हणेल, रस्त्याला टोल मिळतो म्हणून सरकारला घाई, पाटाच्या पाण्यात काय मिळते? बोलणे अगदीच चुकीचे नाही. म्हणून त्याहून जुने आणि त्याहून अवघड उदाहरण घेतो, ते कोकण रेल्वेचे.

कोकणात रेल्वे हवी ही मागणी किती जुनी! बॅरिस्टर नाथ पै, प्रा. मधु दंडवते यांनी लोकसभेत ती लावून धरली. सर्वेक्षणे झाली, फायली झाल्या, आणि गाडी १९८६ पर्यंत कशीबशी रोह्याला पोचली. दर वर्षी रेल्वेच्या अंदाजपत्रकातून चिमूटभर तरतूद. त्या गतीने मंगळुरूला पोचायला आणखी किती पिढ्या गेल्या असत्या कोण जाणे. डिसेंबर १९८९ मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री. एकाने काम मनावर घेतले, दुसऱ्याच्या हातात तिजोरी. दोघांनी मिळून ठरवले, की या कामाला वर्षाच्या तुकड्यावर ठेवायचे नाही. केंद्राची रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ सहा-सहा टक्के असे भांडवल घालून जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ उभे केले, उरलेला पैसा रोख्यांतून उभारायचा. आणि त्यावर माणूस बसवला ई. श्रीधरन. हे गृहस्थ त्याच वर्षी रेल्वेतून निवृत्त झालेले.

श्रीधरन यांनी काय जादू केली? जादू काही नाही. रोह्यापासून दक्षिणेकडे जो ७४१ किलोमीटरचा मार्ग व्हायचा होता, त्याचे त्यांनी सात भाग पाडले. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता, साधारण शंभर किलोमीटर त्याचे. त्याला अधिकार दिले, पैसे दिले आणि जाब विचारला. निविदेपासून बोगद्यापर्यंतच्या कामासाठी त्याने दर वेळी दिल्लीकडे तोंड करून बसायचे नाही. कार्यालयात उलटे चालणारे घड्याळ लावले होते; काम संपायला किती दिवस उरले ते त्यात दिसे. आपल्याकडे कार्यालयातले घड्याळ बंद असते, ही गोष्ट वेगळी.

शेतकरी बंधूंनो, मला त्या कामातले सगळ्यात मोठे वाटते ते बोगदे नाहीत. बोगदे ९१ आहेत, त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा; रत्नागिरीजवळच्या पानवलचा पूल ६४ मीटर उंच. हे मोठेच. पण चाळीस हजारांवर जमीनमालक होते, हे त्याहून मोठे. कोकणातली जमीन म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, एका गुंठ्याला दहा वाटेकरी, त्यातले सहा मुंबईला. रेल्वेचे अधिकारी लोकांच्या पडवीत जाऊन बसले, लोकांशी बोलले. जमीन गेलेल्या घरांतल्या मुलांना नोकरीत प्राधान्य दिले. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठे आंदोलन झाले, १९९३ मध्ये काम थांबले, न्यायमूर्तींची चौकशी बसली, तिचा निर्णय होऊन काम पुन्हा सुरू झाले. मऊ मातीचे बोगदे कोसळून मजुरांचे जीव गेले, तेही विसरता येत नाही. पाच वर्षांची मुदत होती, ती हुकली. खर्चही मूळ अंदाजापेक्षा वाढला. तरीही २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. या साडेसात वर्षांत दिल्लीत सरकारे बदलली, मंत्री बदलले; श्रीधरन मात्र बदलले नाहीत.

हीच खरी मेख आहे. आपल्या पाटबंधारे प्रकल्पांवर एका कामाला किती कार्यकारी अभियंते होऊन जातात? नवा आला की फाईल वाचण्यात सहा महिने, समजून घेण्यात सहा महिने, आणि जरा रुळतोय तोवर बदलीची ऑर्डर. यात त्या अभियंत्याचा दोष नाही. ज्याने काम सुरू केले त्याला ते संपवायला ठेवायचे नाही, आणि ज्याच्या वेळी संपले त्याला आधी काय झाले ते माहीत नाही, मग जाब विचारायचा कोणाला? नेतृत्व नेतृत्व म्हणतात ते भाषणात दिसत नाही. एका कामाला एक माणूस नेमणे, त्याला पाठीशी घालणे आणि काम होईपर्यंत हलू न देणे, एवढे साधे ते आहे, आणि तेवढेच अवघडही. कारण बदलीच्या मागे आमदारांपासून पुढाऱ्यांच्या मेहुण्यांपर्यंत सगळे असतात.

आता कोणी लगेच म्हणू नये, की मग सरकारने नुसती घाई करावी. घाईचेही उदाहरण आपल्यापाशी आहे. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले आणि ३१ मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असे ठेवले. पाणी अडवले नाही तर हक्क जाईल ही धास्ती खरी होती. म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, रोखे काढले, पैसा उभा राहिला. इथवर कोकण रेल्वेसारखेच. पण पुढे काय केले? एकदम सगळीकडे कामे काढली. प्रत्येक तालुक्यात नारळ, प्रत्येक खोऱ्यात धरण. धरणाची भिंत दिसते, तिचा फोटो येतो. म्हणून भिंती उभ्या राहिल्या आणि कालवे, चाऱ्या, उपसा योजनांचे पंप मागे पडले. रोख्यांचे व्याज चढत गेले, पैसा आटला, आणि सातारा, सांगली, सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातले लोक पुढे कित्येक वर्षे ताकारी-म्हैसाळच्या, टेंभूच्या पाण्यासाठी मोर्चे काढत राहिले. तिथे इच्छाशक्ती नव्हती असे नाही. तिथे 'नाही' म्हणायची ताकद नव्हती. हातात पाच कामांचा पैसा असताना पन्नास कामांना होकार दिला, की पन्नासही अपुरी राहतात. घरचे उदाहरण घ्या: दहा एकराला पुरेल एवढे पाणी नाही तर शहाणा शेतकरी दोन एकरच कांदा करतो. सरकार मात्र दहा एकर लावते आणि दहाही एकर वाळवते.

तेव्हा आमदार-खासदारांकडे गावाने मागणी करताना जरा विचार करावा, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. आपण नवीन मागतो. नवा बंधारा, नवा पूल, नवे सभागृह. अपुरे राहिलेले पूर्ण करा, असे निवेदन किती ग्रामपंचायतींनी दिले आहे? पुढाऱ्याला नारळ फोडायला आवडते, कारण आपण तिथे टाळ्या वाजवायला जातो. चारीचे शेवटचे फाटक बसवले तर त्या कार्यक्रमाला कोण येते?

आता गावपातळीवरचे बोलतो, कारण तिथे माझे डोळ्यांनी पाहिलेले आहे. शेजारच्या एका मंडळात लघु पाटबंधारे तलावाची एक चारी सहा वर्षे तीनशे मीटरसाठी अडून होती. अलीकडे चारी झालेली, पलीकडेही झालेली, मध्ये खंड. त्याखाली दीडशे एकर भिजायचे राहिले. फायलीवर शेरा होता, 'जमीनधारकांचा विरोध'. कार्यालयात विचारा, हेच उत्तर. गावातही तेच बोलत. ती जमीन एका विधवा बाईंची. गावाने त्यांच्याकडे बोट दाखवावे, पंगतीत टोमणे मारावेत, असे चाललेले.

मग तालुक्याला नवे तहसीलदार आले. त्यांनी फाईल न वाचता आधी जागा पाहिली. मी माती परीक्षणाच्या कामाने तिथेच होतो, मलाही सोबत घेतले. बाईंना विचारले, "ताई, तुमचा विरोध कशासाठी आहे?" त्या म्हणाल्या, "माझा इरोध कशाला आसंल सायेब? माझं नाव तरी कुठं लावलंय कागदावर? मला इचारलं कुणी?" झाले होते ते असे. निवाडा झाला तो नवऱ्याच्या नावाने, आणि नवरा त्याआधीच वारलेला. मोबदल्याची रक्कम माघारी गेली. वारस नोंद कोणी केली नाही. दिराने सांगितले, सही केलीस तर सगळीच जमीन जाईल. त्या घाबरल्या आणि यंत्र आले की आडव्या उभ्या राहिल्या. साहेबांनी मारुतीच्या पारावर तिथेच मंडळ अधिकारी, तलाठी, भूमी अभिलेखचा माणूस आणि पाटबंधाऱ्यांचे शाखा अभियंता यांना एकत्र बसवले. वारसाचा अर्ज त्या दिवशीच घेतला, नोटिशीची मुदत जाऊ दिली, नोंद मंजूर झाली, रक्कम खात्यावर आली. चारी खणायला पुढे तीन आठवडेही लागले नाहीत. सहा वर्षे यंत्र उभे होते ते एका नावासाठी.

अशी प्रकरणे आपल्या प्रत्येक गावात आहेत. निळवंड्याच्या मुख्य कालव्यातून पाणी वाहिले म्हणजे ते शिवारात आले असे नव्हे; ते बंद नळीच्या वितरिकांतून वावरापर्यंत न्यायचे आहे, आणि त्या ज्या बांधाखालून जाणार तिथे हेच वारस, हेच सामाईक क्षेत्र, हेच भाऊबंद आडवे येणार आहेत. अकोल्यात कालव्याच्या तोंडाशीच ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी बंदिस्त कालव्याची मागणी केली तेव्हा खालच्या आम्हा लोकांना तो अडथळा वाटला. त्यांच्या जागी बसून पाहिले असते, त्यांच्याशी वेळीच कोणी अधिकाराने बोलले असते, तर कदाचित काही वर्षे वाचली असती. शेवटी खालच्या शेतकऱ्यांनाच औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका घेऊन जावे लागले. शेतकऱ्याने पाण्यासाठी नांगर सोडून वकील धरावा, ही काही शोभेची गोष्ट नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायतीची मंडळी, तुमच्याकडे काम आहे ते वरच्या आदेशाची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. ज्या गटांतून चारी किंवा वितरिका जाणार, त्यांची यादी पाटबंधारे शाखेतून मागून घ्या आणि चावडीवर लावा. त्या यादीतला प्रत्येक सातबारा पाहा: मयताचे नाव आहे का, अज्ञान पालनकर्ता आहे का, बोजा आहे का. २०२५ साली महसूल खात्याने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर काढली. तिच्यात ज्यांची नावे लागली त्यांचे सोडा. ज्यांची राहिली ते बहुधा तेच आहेत ज्यांची भांडणे आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसावे लागेल. तलाठी भाऊसाहेबांनो, तुमच्या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गाव मात्र तुम्हाला भाऊसाहेबच म्हणते. त्या हाकेत जो विश्वास आहे तो या कामी वापरा. संयुक्त मोजणीच्या दिवशी खातेदार हजर राहील हे पाहणे हे भूमी अभिलेखापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे.

आणि जिल्ह्याच्या वरिष्ठांना एक मागणे आहे. वितरिकांच्या कामाचा आढावा महिन्यातून एकदा वातानुकूलित सभागृहात होतो, तो एकदा तरी टेलच्या गावात घ्यावा. शेवटच्या शेतकऱ्याला समोर बसवावे. महसूल, पाटबंधारे, भूमी अभिलेख, वीज मंडळ आणि आम्ही कृषीवाले, सगळे एका सतरंजीवर. कोणते काम कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथेच फळ्यावर लिहावे, आणि तो फळा पुसू नये.

माझ्यापुरते सांगतो. पाट येणार म्हणून आता मी कोणाला फळबाग लावायला सांगत नाही. आधी शेततळे, ठिबक, मग बाग. वितरिकेला पाणी दोन हंगाम सलग आले की मगच ऊस सोडून दुसरे काय घ्यायचे ते बोलू. ऊस मुळीच नको, ते पाणी इतक्या गावांना पुरायचे आहे. पाणी वापर संस्था मात्र आत्ताच नोंदवा. २००५ च्या कायद्याने पाणी मोजून संस्थेला मिळायचे आहे, आणि संस्था नसली तर वरचा जेवढे सोडील तेवढेच खालच्याला.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला माझ्या सजातल्या गावांत मी वेळ घेऊन येणार आहे. वितरिकेच्या आखणीत ज्यांचे गट आहेत त्यांनी सातबारा, आठ-अ आणि घरातले कोणी वारले असल्यास मृत्यूचा दाखला बरोबर आणावा. तलाठी भाऊसाहेब येतो म्हणाले आहेत. वारसाचे अर्ज तिथेच भरून घेऊ.